सेमी-ऑटोवर बिलिरुबिनचं कॅलिब्रेशन कसं करायचं: किटवर छापलेल्या फॅक्टरवर रिपोर्ट देऊ नका

तालुक्याच्या गावात, छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं रंगद्रव्य) आजही बऱ्याच ठिकाणी सेमी-ऑटो अ‍ॅनालायझरवरच होतं, आणि पद्धत साधारण एकच असते. नवीन किट आली की इन्सर्ट (किटमधला माहितीचा कागद) उघडायचं, त्यावर छापलेला फॅक्टर (मोजलेल्या रंगाला ज्याने गुणलं की बिलिरुबिनचा आकडा मिळतो तो) मशीनमध्ये टाकायचा आणि पेशंट लावायला सुरुवात करायची. ग्लुकोज, युरियाच्या किटमध्ये निदान स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाची) बाटली तरी येते, बिलिरुबिनच्या किटमध्ये बऱ्याचदा तीही नसते, कारण खरं बिलिरुबिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि उजेडात तुटत जातं, त्यामुळे ते बाटलीत भरून वर्षभर विकता येत नाही. मग कंपनी एकतर फॅक्टर छापते किंवा कृत्रिम स्टँडर्ड देते, म्हणजे ज्यात बिलिरुबिन नसतंच, फक्त तसाच रंग देणारं रसायन असतं.

आता हा छापील फॅक्टर कुठून येतो ते बघा. कंपनीच्या मशीनवर, नवीन लॅम्पवर, त्यांच्या फिल्टरवर, त्यांच्या पिपेटने काढलेला आकडा असतो तो. तुमचा फिल्टर जुना असेल, तुमचं ५० मायक्रोलिटरचं पिपेट ४८ सोडत असेल, तुमच्या रूमचं टेंपरेचर मे महिन्यात ३८ असेल, यातलं काहीच त्या आकड्याला माहीत नसतं. कृत्रिम स्टँडर्डने फोटोमीटर रंग बरोबर मोजतोय की नाही एवढं कळतं, पण तुमचं नायट्राइट (रंगाची रिअ‍ॅक्शन घडवणारं रसायन) मेलेलं असेल, अ‍ॅक्सिलरेटर (पाण्यात न विरघळणाऱ्या बिलिरुबिनलाही रिअ‍ॅक्शनमध्ये आणणारं रसायन) काम करत नसेल, तर बिलिरुबिनची खरी रिअ‍ॅक्शन किती झाली हे त्याच्यातून समजत नाही. म्हणून सीरम बेस कॅलिब्रेटर (खरं बिलिरुबिन असलेलं, व्हॅल्यू माहीत असलेलं सीरम) आणून आपला फॅक्टर आपणच काढायचा.

मोठ्या माणसांचे रिपोर्ट बघितले तर याचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. समजा तुमचं सगळं ८ टक्के कमी येतंय, तर ०.९ चं ०.८३ होईल, दोन्ही नॉर्मल, कोणाला पत्ता पण लागणार नाही. पण तेच नवजात बाळाचं खरं १९ असेल तर तुम्ही रिपोर्ट देणार १७.५. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये बाळ किती आठवड्यांचं, जन्मून किती तास झाले, त्यानुसार फोटोथेरपीचे (बाळाला उजेडाखाली ठेवण्याचे) आणि एक्सचेंजचे (बाळाचं रक्त बदलण्याचे) आकडे ठरवलेत, आणि एक्सचेंजच्या आकड्याच्या २ एमजी/डीएल खाली आलं की तिथूनच धावपळ सुरू करायला सांगितलंय. म्हणजे तिकडे डॉक्टर २ एमजीच्या पट्ट्यात निर्णय घेतायत आणि आपण दीड एमजी इथेच गमावून बसलो, आणि बिलिरुबिन मेंदूत गेलं तर झालेलं नुकसान भरून निघत नाही. त्यामुळे ज्या लॅबमध्ये नवजात बाळांचे सॅम्पल येतात तिथे तर हे काम टाळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आपली मेथड कोणती ते बघा

एर्लिकने १८८३ मध्ये डायझो रिअ‍ॅक्शन (बिलिरुबिनला मोजण्याजोगा रंग आणणारी) दाखवली, व्हॅन डेन बर्गने १९१६ मध्ये त्यातून डायरेक्ट (सरळ रंग देणारं) आणि इनडायरेक्ट (अ‍ॅक्सिलरेटर घातल्यावर रंग देणारं) बिलिरुबिन वेगळं केलं, १९३७ ला मॅलॉय-एव्हलिन आणि १९३८ ला जेंड्रासिक-ग्रॉफ आली. आज बाजारातल्या बऱ्याच किट यातल्याच कुठल्यातरी मेथडच्या सुधारलेल्या आवृत्त्या आहेत, कोणात अ‍ॅक्सिलरेटर म्हणून मिथेनॉल, कोणात कॅफीन-बेंझोएट, कोणात डीएमएसओ. याशिवाय डायक्लोरोअ‍ॅनिलिन आणि व्हॅनाडेटवाल्या किट पण मिळतात.

हे बघायचं दोन कारणांसाठी. एक म्हणजे वेव्हलेंग्थ. अ‍ॅसिडमध्ये तयार होणारा गुलाबी-जांभळा रंग ५४६ च्या आसपास वाचतात, जुन्या जेंड्रासिक-ग्रॉफमध्ये शेवटी अल्कलाइन टार्टरेट घातलं की रंग निळा होतो आणि तो ५७८-६०० ला वाचतात. किटचा ब्रँड बदलला आणि मशीनमधला जुना प्रोग्राम तसाच राहिला तर कॅलिब्रेशन कितीही मन लावून केलं तरी सेन्सिटिव्हिटी जाते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, कॅलिब्रेटरच्या शीटवर प्रत्येक मेथडसाठी वेगळी व्हॅल्यू दिलेली असते. एकाच व्हायलची टोटल (डायरेक्ट-इनडायरेक्ट मिळून) बिलिरुबिनची व्हॅल्यू एका मेथडला ५.२ आणि दुसरीला ४.८ असू शकते. आपल्या मेथडची ओळ शोधायची, लॉट नंबर व्हायलवरचा आणि शीटवरचा जुळतोय का बघायचं, आणि मगच पुढे जायचं.

मशीनची तयारी

मशीन चालू करून निदान १५-२० मिनिटं लॅम्प गरम होऊ द्या. डिस्टिल्ड वॉटर अ‍ॅस्पिरेट करून (मशीनला ओढायला लावून) झिरो करा आणि ५ मिनिटांनी तेच पाणी परत वाचा. अ‍ॅब्सॉर्बन्सचा (किती प्रकाश शोषला गेला त्याचा) आकडा ०.००२-०.००३ च्या पुढे सरकत असेल तर लॅम्प, फ्लो सेलमधला (मशीनमध्ये मिश्रण जिथे वाचलं जातं त्या छोट्या जागेतला) बुडबुडा किंवा लाइटचं व्होल्टेज यातलं काहीतरी गडबड आहे. आपल्याकडे लोडशेडिंग आणि व्होल्टेज खालीवर होणं नवीन नाही, त्यामुळे मशीनला यूपीएस असलाच पाहिजे, आणि लाइट जाऊन आल्यावर परत वॉर्मअप दिल्याशिवाय कॅलिब्रेशन पुढे चालू ठेवू नका.

फ्लो सेल आदल्या दिवशीच मॅन्युअलमध्ये दिलेल्या सोल्यूशनने धुऊन ठेवा. भिंतीला प्रोटीनचा थर बसला की बुडबुडे अडकतात आणि एकाच ट्यूबचे दोन रीडिंग जुळत नाहीत. एकच रंगीत ट्यूब लागोपाठ ५ वेळा वाचून बघा, तिसऱ्या डेसिमलमध्येच थोडा फरक पडला पाहिजे.

फोटोमीटर सरळ रेषेत मोजतोय का हे बघायची एक सोपी युक्ती. हाय कॅलिब्रेटरची किंवा जास्त बिलिरुबिनवाल्या पेशंटची रिअ‍ॅक्शन पूर्ण झालेली रंगीत ट्यूब घ्या, आणि त्यातलं अर्धं मिश्रण नायट्राइटसकट केलेल्या रिएजंट ब्लँकमध्ये (सॅम्पल न घातलेल्या रिएजंटमध्ये) समान भाग मिसळा. पहिली ०.६४० आली असेल तर दुसरी ०.३२० च्या आसपास यायला पाहिजे. ०.३५० वगैरे आली तर वरच्या रेंजमध्ये मशीन रंग कमी मोजतंय, स्ट्रे लाइट (आत शिरलेला भलता प्रकाश) किंवा फिल्टर खराब, इंजिनिअरला बोलवा.

पिपेट

बिलिरुबिनमध्ये सॅम्पल ५० किंवा १०० मायक्रोलिटर असतं, त्यामुळे २ मायक्रोलिटरची चूक म्हणजे २ ते ४ टक्के. अ‍ॅनालिटिकल बॅलन्स असेल (नसेल तर जवळच्या कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये विचारा, बहुतेक ठिकाणी मदत करतात) तर डिस्टिल्ड वॉटरचे ५० चे १० शॉट एकाच छोट्या झाकणाच्या बाटलीत सोडून वजन करा, २५ डिग्रीला ४९८ मिलीग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे.

पण यातली खरी गंमत अशी की तुमचं पिपेट प्रत्येक वेळी ५० च्या ऐवजी ४९ सोडत असेल, आणि तुम्ही कॅलिब्रेटर आणि पेशंट दोन्हीला तेच पिपेट वापरलं, तर ती चूक आपोआप कटते, कारण दोघांना सारखंच कमी सॅम्पल मिळालं. छापील फॅक्टर वापरताना ती कटत नाही, सरळ रिपोर्टमध्ये येते. आपला फॅक्टर आपण काढण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. म्हणून बिलिरुबिनसाठी एक पिपेट ठरवून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा, सकाळच्या शिफ्टला एक आणि रात्रीच्या शिफ्टला दुसरं असं होऊ देऊ नका. जे पिपेट कधी ४८ कधी ५१ सोडतं ते मात्र कशानेच सुधारत नाही, त्याचं सील बदला नाहीतर पिपेट बदला.

कॅलिब्रेटर विरघळवणं

निम्म्याहून जास्त चुका माझ्या बघण्यात इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेल्या पावडरची) व्हायल फ्रीजमधून काढून रूम टेंपरेचरला येऊ द्या. झाकण हळू उघडा, आत व्हॅक्यूम असतो, झटक्यात उघडलं तर पावडर उडते. इन्सर्टमध्ये ५ एमएल लिहिलं असेल तर ५ एमएलच्या व्हॉल्यूमेट्रिक पिपेटने डिस्टिल्ड वॉटर घाला, १००० च्या मायक्रोपिपेटने ५ वेळा नको आणि सिरिंजने तर अजिबात नको. झाकण लावून हलकेच फिरवा, मिक्सरमध्ये घालून फेस काढू नका, ३० मिनिटं अंधारात ठेवा, मधूनमधून उलटं करून झाकणाला चिकटलेली पावडर पण विरघळली का बघा.

आणि पहिल्या मिनिटापासून उजेड टाळा. व्हायलला फॉइल गुंडाळा, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवू नका. थेट उन्हात बिलिरुबिन तासाभरात निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतं.

चूक झाली तर रिपोर्ट कुठल्या बाजूला जातो हे पाठच करून ठेवा, पुढे दोष शोधताना फार उपयोगी पडतं. कॅलिब्रेटर उजेडात राहिला तर त्यातलं खरं बिलिरुबिन कमी झालं, पण तुम्ही मशीनमध्ये शीटवरची पूर्ण व्हॅल्यू टाकणार, मग फॅक्टर वाढतो आणि सगळ्या पेशंटचे रिपोर्ट खोटे जास्त येतात. पाणी कमी पडलं तर कॅलिब्रेटर घट्ट झाला, अ‍ॅब्सॉर्बन्स जास्त, फॅक्टर कमी, पेशंट सगळे खोटे कमी. आणि पेशंटचं सॅम्पल उजेडात राहिलं तर तेवढ्याच पेशंटचं कमी येतं, कंट्रोल (पडताळणीसाठी लावायचं, आकडा माहीत असलेलं सीरम) मात्र बरोबर असतो.

उरलेला कॅलिब्रेटर छोट्या छोट्या ट्यूबमध्ये भरून, फॉइल लावून, तारीख लिहून मायनस २० ला ठेवा. किती दिवस चालतो ते शीटवर बघा, बाकीच्या टेस्टपेक्षा बिलिरुबिनची मुदत बऱ्याचदा वेगळी आणि कमी दिलेली असते. एकदा वितळवलेली ट्यूब परत गोठवायची नाही.

प्रत्यक्ष रन

आधी रिएजंट बघा. वर्किंग रिएजंट इन्सर्टप्रमाणे ताजं करा, नायट्राइटची बाटली उघडल्याची तारीख बघा, कारण किटमधली सगळ्यात आधी मरणारी बाटली तीच. रिएजंट ब्लँक पाण्यासारखा स्वच्छ पाहिजे, पिवळट किंवा गढूळ दिसला तर फेकून द्या.

समजा तुमच्या किटमध्ये १००० मायक्रोलिटर रिएजंट, २० नायट्राइट आणि ५० सॅम्पल असं प्रमाण आहे. कॅलिब्रेटरच्या तीन टेस्ट ट्यूब लावा आणि त्या प्रत्येकीला आपली सॅम्पल ब्लँक ट्यूब लावा, ब्लँकमध्ये नायट्राइट सोडून बाकी सगळं. सॅम्पल ब्लँक वाचवायचा मोह होतो, रिएजंट जातं म्हणून, पण लायोफिलाइज्ड कॅलिब्रेटर विरघळल्यावर जरा गढूळच असतो आणि पेशंटच्या सीरममध्ये हिमोग्लोबिन असतं, ते सगळं ब्लँकशिवाय बिलिरुबिन म्हणून मोजलं जातं. नायट्राइट घातल्याबरोबर लगेच मिसळा, आणि ट्यूबमध्ये ठरावीक अंतर ठेवून टायमर लावा, इन्सर्टमध्ये ५ मिनिटं असतील तर प्रत्येक ट्यूबला ५ मिनिटंच. इन्क्युबेशन रूम टेंपरेचरला लिहिलं असेल तर नागपूरच्या मे महिन्यातली रूम आणि नाशिकच्या डिसेंबरमधली रूम एक नाही हे लक्षात घ्या, एसी नसेल तर वॉटर बाथ २५ ला लावता येतो का बघा, नाहीतर इन्सर्ट परवानगी देत असेल तर ३७ धरा आणि मग पेशंट पण ३७ लाच.

आता हिशोब. टेस्ट ०.३३८, तिचा ब्लँक ०.०२६, फरक ०.३१२. दुसऱ्या जोडीचा फरक ०.३०९, तिसरीचा ०.३१५. सरासरी ०.३१२. कॅलिब्रेटरची शीटवरची व्हॅल्यू ५.२ एमजी/डीएल, म्हणून फॅक्टर ५.२ भागिले ०.३१२, म्हणजे १६.६७. पेशंटच्या नेट अ‍ॅब्सॉर्बन्सला (टेस्ट वजा ब्लँक) याने गुणलं की उत्तर. शीटवर व्हॅल्यू मायक्रोमोल पर लिटरमध्ये असेल तर आधी १७.१ ने भागून घ्या, दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात आणि घाईत भलताच वाचला जातो.

तीन फरकांमध्ये ३ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, पिपेटिंग परत करा. आणि आधीच्या फॅक्टरशी तुलना करा. लॉट तोच असताना फॅक्टर ५ टक्क्यांहून जास्त हलला तर आधी कारण शोधा. कॅलिब्रेटरचा नेट अ‍ॅब्सॉर्बन्स दर वेळी वहीत लिहून ठेवला तर तो हळूहळू उतरत चाललाय हे दिसतं, आणि ते बहुतेक वेळा मरत चाललेलं रिएजंट नाहीतर नायट्राइट असतं. अशा वेळी दर आठवड्याला फॅक्टर वाढवत राहणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरच्या रेघा सरकवण्यासारखं आहे.

फॅक्टर टाकला, आता खात्री

कॅलिब्रेटर परत पेशंट म्हणून लावून तो ५.२ येतोय बघा वगैरे करू नका, तो येणारच. वेगळ्या लॉटचा, शक्यतो वेगळ्या कंपनीचा कंट्रोल लावायचा, दोन लेव्हल, एक १ च्या आसपास आणि एक जास्तीची. बाळांचे सॅम्पल येत असतील तर १५-२० च्या रेंजचा कंट्रोल मुद्दाम मागवा, कारण ५ वर बरोबर असलेलं मशीन १८ वर बरोबर असेलच असं नाही. अमेरिकेच्या क्लिया (लॅबच्या दर्जाच्या) नियमात टोटल बिलिरुबिनला ०.४ एमजी किंवा २० टक्के यातलं जे जास्त तेवढी चूक चालते. ती बाहेरची हद्द आहे, १८ वर २० टक्के म्हणजे साडेतीन एमजी होतात, बाळासाठी ते मला तरी मान्य नाही, आपलं लक्ष्य त्याच्या निम्म्याच्या आत ठेवा.

मग लिनियॅरिटी, म्हणजे आकडे सरळ प्रमाणात येतात का. एक हाय सीरम (समजा १८.४) आणि एक लो सीरम (०.८) घ्या, ३:१, १:१ आणि १:३ असं मिसळा. अपेक्षित उत्तरं १४.०, ९.६ आणि ५.२. वरचा आकडाच कमी येऊन खालचे जुळत असतील तर तुमच्या किटची रेंज तिथे संपते, मग त्याच्या वरचं सॅम्पल नॉर्मल सलाइनने दुप्पट करून लावायचं आणि उत्तर २ ने गुणायचं.

कॅरीओव्हर (आधीच्या सॅम्पलचा अंश पुढच्यात जाणं) पण एकदा बघून ठेवा. हाय तीनदा, लगेच लो तीनदा. पहिल्या लोमधून तिसरा लो वजा करा, त्याला तिसरा हाय वजा तिसरा लो याने भागा. हाय १८.०, पहिला लो ०.९२, तिसरा ०.८० असेल तर ०.१२ भागिले १७.२, म्हणजे ०.७ टक्के, चालेल. १ टक्क्याच्या वर गेलं तर बाळाच्या सॅम्पलनंतर मध्ये पाणी घ्यायचं किंवा अ‍ॅस्पिरेशन व्हॉल्यूम वाढवायचा.

शेवटी जुन्या फॅक्टरवर झालेले ५-६ पेशंट सॅम्पल, फ्रीजमध्ये अंधारात ठेवलेले, नवीन फॅक्टरवर लावून दोन्ही आकडे शेजारी लिहा. फरक मोठा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर काल १४ असलेलं बाळ आज १५.५ दिसलं तर ते वाढलं असं समजून उपचार बदलतील.

डायरेक्टचं वेगळं काढायचं

टोटलचा फॅक्टर डायरेक्टला वापरू नका. डायरेक्टमध्ये अ‍ॅक्सिलरेटर नसतो, रंगाची तीव्रता आणि वेळ दोन्ही वेगळे, शीटवर डायरेक्टची व्हॅल्यू वेगळी दिलेली असते ती घ्या. इथे टायमरला सगळ्यात जास्त महत्त्व, कारण वेळ जास्त झाली की इनडायरेक्ट पण हळूहळू रंग द्यायला लागतं. बाळाचं टोटल १५ आणि डायरेक्ट ३ आलं तर रिपोर्ट देण्याआधी टायमर बघून परत लावा. खरोखर ३ असेल तर ती वेगळीच आणि गंभीर गोष्ट आहे, लगेच फोन करायचा.

सॅम्पलबद्दल थोडं

कॅलिब्रेशन कितीही चांगलं असलं तरी हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेल्या) सॅम्पलमध्ये हिमोग्लोबिन, ब्लँक लावला तरी, डायझो रिअ‍ॅक्शन दाबतं आणि उत्तर कमी येऊ शकतं, टाचेतून काढलेल्या रक्तात हे फार होतं, त्यामुळे टाच जोरात पिळू नका असं नर्सिंग स्टाफला सांगून ठेवा. फोटोथेरपीखाली बाळ असेल तर रक्त काढेपर्यंत लाइट बंद करायला सांगा आणि ट्यूब फॉइलमध्येच आणायला सांगा.

परत कधी करायचं

किटचा लॉट बदलला, लॅम्प किंवा फिल्टर बदलला, सर्व्हिस झाली, पिपेट बदललं, कंट्रोल सलग एकाच बाजूला जायला लागला, यापैकी काहीही झालं की परत. रोज दोन लेव्हल कंट्रोल लावून लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (रोजच्या कंट्रोलच्या आलेखावर) टिंब द्या, २० दिवसांचे स्वतःचे आकडे झाले की स्वतःचा मीन (सरासरी) आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढा. एकदा २ एसडीच्या बाहेर गेला तर सावध व्हा आणि दुसरी लेव्हल बघा, ३ एसडीच्या बाहेर किंवा सलग दोनदा एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेला तर रिपोर्ट थांबवा. कंट्रोल बाहेर गेला की तोच कंट्रोल बसेपर्यंत परत परत लावत राहायची सवय मोडा, आधी ताजा कंट्रोल, मग ताजं नायट्राइट, मग पूर्ण रिएजंट, मग मशीन, या क्रमाने शोधा, आणि हे सगळं नीट असेल तरच नव्याने कॅलिब्रेशन.

वर्षभरासाठी सीएमसी वेल्लोरच्या ईक्यूएएसला (बाहेरून लॅबचा दर्जा तपासणाऱ्या योजनेला) नाव नोंदवा, दर महिन्याचं सॅम्पल येतं आणि तुमच्याच मेथडच्या बाकी लॅबच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते कळतं. एनएबीएल (लॅबची मान्यता) करायचं असेल तर हे लागेलच, नसेल करायचं तरी करा. ते सॅम्पल पेशंटच्या रांगेतच लावा, त्यासाठी खास नवीन किट उघडू नका. आणि वहीत प्रत्येक कॅलिब्रेशनला तारीख, किट लॉट, कॅलिब्रेटर लॉट, तिन्ही नेट अ‍ॅब्सॉर्बन्स, जुना फॅक्टर, नवा फॅक्टर, रूम टेंपरेचर आणि करणाऱ्याची सही एवढं लिहा, म्हणजे रात्रीच्या शिफ्टला एखाद्या बाळाचा आकडा संशयास्पद वाटला तर ड्युटीवरच्या टेक्निशियनला सकाळपर्यंत थांबावं लागत नाही.